लोणीतली एकशेवीस दारं

दोस्तांनो, लोणी काळभोरला लोणी मिळतं का, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. लहानपणी मीही विचारलं होतं. आमच्या मावशीनं तेव्हा डोळे वटारून सांगितलं होतं, "लोणी नावाची गावं पुणे जिल्ह्यात पुष्कळ आहेत. लोणी कंद आहे, लोणी भापकर आहे. कुठली लोणी ते कळावं म्हणून पुढे आडनाव लावायचं. आणि आमच्या लोणीत दर चार घरांमागं एक काळभोर भेटतो!"

हे गाव पुण्याच्या पूर्वेला, सोलापूरच्या रस्त्यावर. हडपसर मागं टाकायचं, कवडीपाट ओलांडायचं (हिवाळ्यात तिथं नदीवर पक्षी बघायला मंडळी पहाटेच जाऊन बसतात), की लोणी आलीच. आगगाडीनं जायचं तर पुणे-दौंड मार्गावर लोणी स्टेशन आहे. मी गेलो एसटीनं आणि उतरलो स्टेशनच्या चौकात. उतरल्याबरोबर वास आला तो अर्थातच लोण्याचा नव्हता. पेट्रोल-डिझेलचा होता.

कारण इथं तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईकडून जमिनीखालच्या नळातून तेल इथवर येतं आणि तसंच पुढं सोलापूरकडेही जातं. लोणीत ते अवाढव्य गोल टाक्यांत साठवतात आणि टँकरमध्ये भरून गावोगावच्या पंपांवर पाठवतात. टाक्या आपण लांबूनच बघायच्या. आत जायला परवानगी नसते आणि ते बरोबरच आहे. पण टँकर मात्र रस्त्याच्या कडेला रांगेनं उभे असतात. त्यांचे ड्रायव्हर चहा पीत बसलेले असतात आणि त्यांना गप्पा मारायला कोणीतरी हवंच असतं.

एका ड्रायव्हरकडे धातूची लांब पट्टी होती. तिच्यावर खुणा कोरलेल्या. तिला म्हणतात डिपरॉड. टँकरच्या पोटात कप्पे असतात. झाकण उघडून पट्टी आत बुडवायची, ओली खूण वाचायची, की कप्प्यात तेल किती ते कळतं. विहिरीत दोर सोडून पाणी बघतात ना, तसंच.

मी त्यांना विचारलं, "तुमची ही पट्टी त्या शेजारच्या टँकरला चालेल का हो?"

ते हसले. "काका, शेजाऱ्याची चप्पल तुम्हाला होईल का?"

पुढं ऐका. दोन्ही टँकर दिसायला सख्खे भाऊ. एकाच मापाचे, तितक्याच कप्प्यांचे. तरी एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. टँकर म्हणजे शेवटी वाकवून जोडलेला पत्रा. वाकवताना, जोडताना, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो कुठं जरा फुगतो, कुठं जरा आत बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पोटात काही लिटरचा फरक पडतो. म्हणून वैधमापन खात्याच्या देखरेखीखाली प्रत्येक टँकर मोजून घ्यावा लागतो आणि ज्याची पट्टी त्यालाच. डेपोतल्या मोठ्या टाक्यांचं तर आणखीच नवल. त्या रिकाम्या असताना जेवढ्या असतात, त्यापेक्षा भरल्यावर किंचित जाड होतात! आतल्या तेलाच्या दाबानं लोखंडी भिंत काही मिलिमीटर बाहेर सरकते. टाकीचा हिशेब ठेवणाऱ्यांना तेवढं फुगणंसुद्धा धरावं लागतं. जेवणानंतर आपण पट्टा एक भोक सैल करतो, त्यातलाच प्रकार.

हे सगळं मी मनात ठेवलं आणि गावात शिरलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की तासाभरात याच गोष्टीवरून एका घरात जेवण सुटलेलं बघायला मिळणार आहे.

गावाबद्दल थोडं सांगतो. गावातून कालवा वाहतो. जवळच थेऊरचा चिंतामणी आहे, अष्टविनायकांतला. दुसऱ्या बाजूला तळ्यातलं रामदऱ्याचं देऊळ आहे. राज कपूरची 'राजबाग' इथलीच. तिथं आता विद्यापीठ आहे. पण लोणीचा खरा थाट बघायचा तर ज्येष्ठ महिन्याच्या शेवटी. आळंदीची आणि देहूची, दोन्ही पालख्या पुण्यातून निघतात. हडपसरला त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला मुक्कामाला येते. मावशीच्या अंगणात त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते.

मावशी आता नाही. तिचा मुलगा, आमचा दादा, त्याच घराच्या मागं पत्र्याचं वर्कशॉप चालवतो. आठ माणसं कामाला. दोन प्रेस, एक वाकवायचं मशीन, वेल्डिंगचे दोन सेट, आणि आबा मिस्त्री. आबांचं वय कोणी विचारत नाही. वर्कशॉपमध्ये काय होतं ते जनरेटरचं खोकं. लग्नाच्या हॉलबाहेर घरघरणारं मोठं रंगीत कपाट बघितलंत ना? त्याचं दार दादा बनवतो. साधारण तीन फूट बाय चार फूट, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा, चारी कडा वाकवलेल्या.

मी पोचलो तेव्हा एकशेवीस दारं भिंतीला टेकून उभी होती. ती गेली होती आणि परतही आली होती. ज्या कारखान्याला दिली होती, त्यानं नापास करून सगळा लॉट परत पाठवला होता. चलनावर लाल शेरा होता : 'सपाटपणा नाही.' दादा ताटावर बसला होता, पण घास घेत नव्हता. शनिवारी आठ जणांचा पगार द्यायचा, पत्रेवाल्याचे पैसे बाकी, आणि एकशेवीस दारं भंगारात घालायची म्हणजे महिनाभराची कमाई गेली.

आबा मात्र एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते. "दार बसवून बघितलं का त्यांनी? टेबलावर झोपवून काय बघता? दार काय झोपायला असतं?"

दोस्तांनो, आबांच्या या वाक्यात केवढं शास्त्र आहे, ते आता बघू. त्यासाठी आपल्याला वर्कशॉप सोडून स्वयंपाकघरात जायचंय.

आईकडून दहा कच्चे पापड मागून घ्या. (तळायचे नाहीत. आधी अभ्यास, मग खाणं.) एक पापड सपाट फरशीवर ठेवा. तो पूर्ण टेकतो का? नाही. कडा कुठं वर, कुठं खाली. आता पापडाला घड्याळ समजा. बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, आणि त्यांच्या मध्ये एकेक, अशा आठ ठिकाणी कड फरशीपासून किती उचललीय ते पट्टीनं मोजा. दहा पापडांचे ऐंशी आकडे होतील. वहीत लिहिले तर नुसता गोंधळ वाटेल.

पण जरा निरखून बघा. बाराच्या बाजूला कड उचललेली असेल तर बहुतेक वेळा सहाच्या बाजूलाही उचललेली असते, आणि तेव्हा तीन व नऊ खाली असतात. म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखा आकार. काही पापड मात्र आठही ठिकाणी जवळपास सारखेच वर. म्हणजे वाटी. प्रत्येक पापड थोडा वाटी, थोडा खोगीर. पापडाची एक जागा एकटी वर जाऊच शकत नाही, ती शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जाते. म्हणून आठ आकडे लिहायची गरजच नसते. वाटी किती आणि खोगीर किती, असे दोन आकडे सांगितले की पापड जवळजवळ डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता त्या पापडावर बोट ठेवा. दाबला, की झाला सपाट! मग खरा आकार कुठला, मोकळा की दाबलेला? विटेच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. वीट कशीही धरा, वीटच. पातळ वस्तूला मात्र 'तुला धरलंय कसं?' हे आधी विचारावं लागतं.

दादाची नववीतली लेक हे सगळं ऐकत होती. तिला घरी छकुली म्हणतात, आणि आता असं म्हटलेलं तिला आवडत नाही, पण लिहिताना मला दुसरं नाव सुचत नाही. तिनं विचारलं, "काका, मग दारांचंही असंच करायचं का?"

केलं. शनिवारला तीन दिवस होते. आबांची एक चांगली सवय कामी आली : प्रत्येक दारावर ते खडूनं नंबर टाकतात, ज्या क्रमानं बनलं त्या क्रमानं. आम्ही प्रत्येक दारावर नऊ खुणा केल्या. तीन वर, तीन मध्ये, तीन खाली, फुलीगोळ्याच्या खेळासारख्या. आणि टेबलावर झोपवून नाही, तर उभं करून, दोन बिजागऱ्या आणि एक कडी यांच्या जागी धरून मोजलं. दादाकडे तशी चौकट होतीच. अशा चौकटीला वर्कशॉपमध्ये जिग म्हणतात. एकशेवीस दारं, प्रत्येकी नऊ आकडे : एक हजार ऐंशी! छकुलीची अख्खी शंभर पानी वही भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तर मला वाटलं, आपण उगाच या भानगडीत पडलो. पाठ दुखत होती.

पण आकडे बोलायला लागले. दारांनाही पापडांसारख्या दोनच सवयी निघाल्या. पहिली 'पोट' : मधली खूण बाहेर, कडा जागेवर. दुसरी 'पीळ' : वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा एकीकडे, उरलेले दोन दुसरीकडे. ओलं फडकं पिळताना होतं तसं. बाकी काही उरलं तर ते इतकं थोडं, की फिलर गेजलाही नीट सापडत नव्हतं. एक हजार ऐंशी आकड्यांचे झाले दोनशे चाळीस.

छकुलीनं आलेख कागद आणला. आडवी रेघ दारांच्या नंबरांची. उभी रेघ आधी पोटाची, मग पिळाची. पोटाचे ठिपके पहिल्या चाळीस दारांपर्यंत एका उंचीवर आणि एक्केचाळिसाव्यापासून एकदम दुसऱ्या. आबा म्हणाले, "तिथं नवी गुंडाळी लावली." पत्रा कारखान्यातून गुंडाळीच्या रूपात येतो. चटई उलगडली तरी टोकाला गोल व्हायला बघते, तसं पत्र्यालाही आपलं गुंडाळलेपण आठवत राहतं, आणि प्रत्येक गुंडाळीची आठवण जरा वेगळी.

पिळाचे ठिपके मात्र एकशेनऊपर्यंत शहाण्यासारखे एका ओळीत. एकशेदहाव्या दारापासून उडी! शेवटची अकरा दारं ओल्या फडक्यासारखी. आबा काही बोलले नाहीत. उठले, वाकवायच्या मशीनपाशी गेले, पट्टी लावून बघितली. मशीनचा वरचा भाग एका बाजूला किंचित झुकला होता. त्यामुळे कड एका टोकाला जास्त वाकत होती आणि दुसऱ्या टोकाला कमी. आबांचा चेहरा असा झाला, की आम्ही तिघंही दुसरीकडे बघायला लागलो.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुमची छाती फुगेल. असे वेडेवाकडे आकार घ्यायचे, त्यांतल्या मूळ सवयी शोधायच्या आणि प्रत्येक आकार म्हणजे 'ही सवय इतकी, ती सवय तितकी' असं मांडायचं, हे गणित आज जगभर वापरतात. मोटारींच्या पत्र्यांसाठी, चेहरे ओळखण्यासाठी, हवामानासाठी. ठिपक्यांसाठीची त्याची सुरुवात इंग्लंडच्या कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली केली होती. पण अख्खी रेघ किंवा अख्खा पृष्ठभाग हीच एक नोंद मानली तर? त्यात तर ठिपके अगणित! त्याचं उत्तर मांडणारा एक लेख १९४३ साली प्रसिद्ध झाला. लिहिणारे तेव्हा लोणीपासून वीस-बावीस किलोमीटरवर शिकवत होते, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबी म्हटलं की मोठी माणसं 'इतिहासकार' म्हणतात. ते होतेच. पण पोटापाण्यासाठी ते गणित शिकवत. १९०७ साली गोव्यात जन्म, शिक्षण अमेरिकेत हार्वर्डला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी लागल्यावर दामोदररावांनी पुणं सोडलं नाही, डेक्कन क्वीननं ये-जा करत राहिले. त्या १९४३च्या लेखातली कल्पना काही वर्षांनी फिनलंडच्या कारहुनेन आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनीही आपापल्या वाटेनं मांडली आणि नाव त्या दोघांचं पडलं. आता काही पुस्तकं तीन नावं लिहितात आणि कोसंबींचं पहिलं लिहितात. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं.

त्यांचा दुसरा उद्योग तर आबांना फारच आवडला. कोसंबी जुनी चांदीची नाणी तोलत असत. एकदोन नव्हे, हजारो! तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी त्यांनी अशी अभ्यासली. नाणं हातोहात फिरतं, झिजतं. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एखादं गाडग्यात पडून राहतं, एखादं रोज बाजारात जातं. म्हणून जसा काळ जातो तसं सरासरी वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. हे खरं आहे का, ते बघायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलली. मग हाच नियम लावून, कुठली जुनी नाणी किती काळ फिरली असावीत याचा अंदाज त्यांनी बांधला. म्हणजे वजनातला बारीकसा फरक, जो आपण चूक म्हणून सोडून देऊ, त्याच्याकडून त्यांनी इतिहास वदवून घेतला.

"म्हणजे मी खडूनं नंबर टाकतो ते इतिहासच की!" आबा म्हणाले.

दादाला मात्र इतिहासापेक्षा शनिवार जवळचा होता. आमच्याकडे आता सांगायला दोन गोष्टी होत्या. एक, पोट असलं तरी दार बसतं, कारण पोट मध्यभागी, आणि खोक्याला टेकतात त्या फक्त कडा. उलट टेबलावर झोपवलं की दार त्या पोटावर डुलतं, मग कुठलाही कोपरा वर दिसतो. कधी हा, कधी तो! दोन, पीळ असलेलं दार खरंच वाईट. कोपरा उघडा राहतो, रबर दाबलं जात नाही, पावसाचं पाणी आत जातं.

इथं मी माझ्या एका इंजिनिअर मित्राला फोन लावला. त्यानं दोन नव्या गोष्टी सांगितल्या. पातळ, लवचीक भाग कसे मोजायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९३पासून आहे. नकाशावर स्पष्ट लिहायचं असतं, की हे माप वस्तू कशी धरून घ्यायचं. मोकळं ठेवून घ्यायचं असेल, तर त्या आकड्यापुढं वर्तुळात इंग्रजी 'एफ' काढतात. आणि दुसरी : जपानमध्ये १९८० साली ताकेझावा नावाच्या अभ्यासकानं दाखवलं, की पातळ पत्र्यांच्या जोडणीत नेहमीचा हिशेब चालत नाही. विटेवर वीट ठेवली तर दोन्हींच्या चुका मिळून ढीग जास्तच बेभरवशाचा होतो. पण पातळ पत्रा दणकट चौकटीला जोडला, तर चौकट त्याला ओढून आपल्यासारखा करते. जोडलेली वस्तू सुट्या भागांपेक्षा सरळ निघू शकते! शिस्तीच्या वर्गात एखादा चुळबुळ्या मुलगा बसवला की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. (उलटही होतं म्हणा. चौकटच वाकडी असेल तर चांगला पत्राही वाकडा होतो.)

दादानं त्या कारखान्याचा नकाशा काढून बघितला. सपाटपणाचा आकडा होता. दार कसं धरून मोजायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. वर्तुळातला एफही नव्हता.

शुक्रवारी दादा जिग, छकुलीची वही आणि पाच दारं टेम्पोत घालून तिकडे गेला. बरोबर आबाही. तपासणीवाले साहेब सुरुवातीला रागातच होते, असं आबा नंतर सांगत होते. "नापास म्हणजे नापास." मग दादानं तेच एक दार टेबलावर चार वेगवेगळ्या तऱ्हांनी ठेवून दाखवलं. चार वेगळे आकडे आले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी स्वतः एक दार खोक्याला बसवलं, कडी लावली, आणि कडेभोवती कागदाचा कपटा सरकवून बघितला. कपटा कुठंच आत जाईना. मग दादानं आपणहून अकरा पिळाची दारं बाजूला काढायचं कबूल केलं. 'हीसुद्धा घ्या' असं म्हणाला असता तर सगळं फिसकटलं असतं, हे आबांचं मत. माझंही तेच.

एकशेनऊ दारं पास झाली. पगार झाले, पण शनिवारी नाही, सोमवारी. नकाशावर आता हातानं एक ओळ वाढवलेली आहे : दोन बिजागऱ्या व कडी यांच्या जागी धरून मोजावे.

मी परत निघालो तेव्हा चौकात तो टँकर नव्हता, दुसरे उभे होते. छकुली मला सोडायला आली होती. एसटीची वाट बघताना ती टँकरांच्या पोटांकडे टक लावून बघत होती. शेवटी म्हणालीच, "काका, यांच्या सवयी किती असतील?"

आणि हो, ती अकरा दारं. आठ भंगारात गेली. एक आबांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलंय, पाणी चांगलं ओघळतं म्हणे. उरलेली दोन छकुलीनं ठेवून घेतली आहेत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती एक टेबलावर झोपवणार आहे आणि एक उभं करणार आहे. शेजारी एक ताट, त्यात दहा पापड.